होळीनंतर भिंतीवरची बाग वाळते? रोपं बदलण्याआधी एवढं तपासा

गुढीपाडव्याच्या आसपास माझा फोन तापतो. पुण्यातल्या बाल्कन्यांमधल्या आणि सोसायट्यांमधल्या व्हर्टिकल गार्डन मी नऊ वर्षं सांभाळतेय, आणि दर मार्चला पलीकडून तेच वाक्य येतं: “ताई, फेब्रुवारीत सगळी रोपं नवी लावली, पाणी रोज चालू आहे, तरी वाळतायत हो.” पाणी चालू असतं हे खरंच. ते कुठे जातं हा प्रश्न असतो.

लक्षणं

तुमच्या भिंतीवर यातलं काय दिसतंय ते आधी बघा. बहुतेक वेळा एकाहून जास्त गोष्टी एकाच भिंतीवर सापडतात.

वरच्या दोन ओळी दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी सावरतात. आठ-दहा दिवसांनी सावरणं थांबतं, पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात.

खालच्या ओळींत उलटं. पानं पिवळी, खोड बुडाशी मऊ आणि काळपट. हलकं ओढलं तरी रोप अलगद हातात येतं आणि कुंडीला गटारासारखा वास येतो.

मध्येच एखादं रोप मेलेलं, शेजारचं टवटवीत, त्याच्या शेजारचं पुन्हा मेलेलं. मुद्दाम कुणीतरी वेचून मारल्यासारखं.

एक कोपरा किंवा एक उभी पट्टी करपलेली, बाकी भिंत ठीक.

फुलझाडांच्या बाबतीत सगळ्यांचं एकदमच संपणं. पिटुनिया महिनाभर भरभरून फुलला आणि एका आठवड्यात लांबट, चिकट, पिवळा झाला.

भिंतीखाली वाफा असेल तर त्यात भिंतीलगतची रांग पिवळी आणि बाहेरची रांग कोरडी.

हे सगळं एकदम दिसलं की माणूस घाबरतो आणि दोन गोष्टी करतो: टायमरवर पाण्याची मिनिटं वाढवतो आणि नर्सरीतून नवी रोपं आणतो. दोन्ही करू नका. मिनिटं वाढवली की खालच्या ओळी आणखी कुजतात, वरच्यांना फारसा फरक पडत नाही. नवी रोपं त्याच खड्ड्यात जातात. पहिल्या वर्षी मी स्वतः एका बाल्कनीतली साठ रोपं महिन्याभरात दोनदा बदलली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसला प्रकार. तिसऱ्या खेपेला कुंडी उपटून बघितली तेव्हा कारण कळलं. ते पुढे सांगते.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, पण इथे देशावर लावणीचा वसंत म्हणजे वसंतपंचमी ते होळी. त्यानंतर लावलेलं रोप वसंतात लागत नाही, थेट उन्हाळ्यात पडतं. एप्रिल हा पुण्याचा सगळ्यात तापलेला महिना, आणि मार्च-एप्रिलची हवा कोरडी असते. जमिनीतलं झाड मुळं खाली सोडून निभावतं. भिंतीवरच्या कुंडीत मुळांना जागा असते लिटर-दीड लिटर. तिथे एक दिवस चुकला तरी हिशेब चुकतो.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

१. भिंतीचा नकाशा काढा

कागदावर भिंतीचे चौकोन आखा आणि मेलेल्या रोपांवर फुल्या मारा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि निम्मं निदान इथेच होतं. फुल्या वर असतील तर पाण्याचा दाब किंवा ऊन. खाली असतील तर निचरा. विखुरलेल्या असतील तर ड्रिपर (कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या) तुंबलेत किंवा लावताना चूक झालीय. एका बाजूला असतील तर ऊन किंवा गरम वारा. फोटोही काढून ठेवा, सकाळचा आणि दुपारी दोनचा. दुपारचा फोटो जास्त बोलतो.

२. बोट घाला, मग कुंडी उपसा

वरून ओलं दिसतं म्हणजे ओलं असतं असं नाही. बोट दोन पेरं आत घाला. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो आपल्याला हवाय: मूठ वळली तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये आणि हाताला चिखल लागू नये.

मग एक मेलेलं रोप कुंडीसकट फ्रेममधून काढा, उलटं करा, टिचकी मारून बाहेर घ्या. माझ्याकडचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण इथे दिसतं, म्हणून जरा थांबते.

आपल्याकडची बरीच रोपं सोलापूर रस्त्यावरच्या, उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांमधून येतात. तिथे ती काळ्या पिशवीत चिकट लाल मातीत वाढलेली असतात. प्रवासात हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू नये म्हणून ती माती सोयीची. भिंतीच्या कुंडीत मात्र वजन कमी ठेवायला आपण कोकोपीट, गांडूळखत, परलाइट असं हलकं मिश्रण भरतो. मधोमध लाल मातीची घट्ट हुंडी आणि भोवती भुसभुशीत कोकोपीट. एकदा का हुंडी वाळली की ती विटेसारखी होते. पाणी सोपी वाट धरतं, कोकोपीटमधून खाली निघून जातं. हात लावला तर कुंडी ओली, आणि मुळं अजून सगळी हुंडीतच अडकलेली. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

त्या पहिल्या वर्षीच्या बाल्कनीत मी तिसऱ्या ओळीतलं एक सिंगोनियम असंच काढलं होतं. बाहेरचं कोकोपीट बोटांना ओलं लागत होतं. आतली हुंडी कठड्यावर आपटली तर टक् असा आवाज आला. मधोमध मोडली तर आत धूळ. त्या घरच्या काकू शेजारी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “अगं, मी तर जास्त पाणी होतंय म्हणून कमी करत होते!”

असं दिसलं तर उपाय सोपा आहे. जी रोपं अजून जिवंत आहेत ती कुंडीसकट बादलीत बुडवा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत ठेवा, साधारण पंधरा-वीस मिनिटं. मग निथळून परत लावा. आणि ड्रिपरचं तोंड कुंडीच्या कडेला आहे की हुंडीवर ते बघा. हुंडीवर हवं. पुढच्या वेळी लावताना हुंडी आधी भिजवा, मग बोटांनी बाहेरची माती हलकेच मोकळी करा, साधारण तिसरा हिस्सा झडला तरी चालतो. अपवाद बोगनवेलीचा, तिची मुळं नाजूक असतात, तिला छेडू नका.

उपसलेल्या कुंडीत प्लास्टिकची पिशवी सापडली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. घाईतला माळी पिशवीचं बूड फाडून रोप तसंच कुंडीत बसवतो. मुळं गोल गोल फिरत राहतात. मी ती पिशवी काढून मालकांच्या हातात देते, वाद होत नाही.

३. दुपारी दोन वाजता भिंतीसमोर उभं राहा

बाग बघायची वेळ सकाळची आणि मरायची वेळ दुपारची, असं होतं म्हणून कारण हाती लागत नाही.

फेब्रुवारीतलं ऊन आणि एप्रिलमधलं ऊन एकाच भिंतीवर वेगवेगळ्या जागी पडतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. २०-२१ मार्चनंतर तो पश्चिमेच्या उत्तरेला मावळू लागतो, आणि मेच्या मध्याच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी ऊन थेट डोक्यावर. परिणाम असा की दक्षिणेकडची हिवाळ्यात उन्हात न्हालेली भिंत वरच्या छज्ज्याच्या सावलीत जाते, आणि वायव्येची “सावलीची” भिंत संध्याकाळी भाजून निघते. फेब्रुवारीत बघून सावलीची झाडं लावली, ती चुकीच्या पत्त्यावर पोचली.

पश्चिमेच्या भिंतीचं दुखणं वेगळं. दुपारी एकपासून सहापर्यंत ऊन, वर तापलेली भिंत रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. रोपांमागे हात घालून भिंतीला लावून बघा. चटका बसत असेल तर मुळांनाही बसतोय.

आणि एसीचं बाहेरचं युनिट. एक कोपरा करपलेला दिसला की मी आधी तेच शोधते. फेब्रुवारीत एसी बंद असतो, लावणी होते, सगळं छान. मार्चमध्ये पहिल्यांदा एसी लागतो आणि त्याचा गरम वारा थेट त्या कोपऱ्यावर. बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये त्या कोपऱ्यासाठी तीन प्रकारची झाडं, दोन औषधं आणि एक वास्तुसल्ला होऊन गेला होता. शेजाऱ्यांचं युनिट होतं. त्याच्यापुढे पत्र्याची छोटी आडवी पट्टी बसवली, वारा वर वळला, संपलं. युनिटच्या तोंडावर काही झाकू मात्र नका, एसीचा जीव जाईल. वारा वळवायचा, अडवायचा नाही.

उन्हाचा त्रास असेल तर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी भिंतीपासून फूटभर पुढे बांधा. भिंतीला चिकटवून बांधली तर आत भट्टी होते.

४. रोप मुळात कुठलं होतं?

पिटुनिया, पॅन्सी, डायन्थस, फ्लॉक्स ही आपल्याकडची हिवाळी हंगामी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायची, मार्चपर्यंत फुलायची, मग संपायची. फेब्रुवारीच्या शेवटी नर्सरीत ती गच्च फुललेली दिसतात, कारण ती त्यांची शेवटची पंगत असते. तीच उचलून आणली की महिन्यात संपणार. यात तुमचा हात वाईट नाही आणि नर्सरीवालाही फसवत नाही. मुदत संपली एवढंच. फांद्या छाटून थोडे दिवस ओढता येतात, पण एप्रिलच्या उन्हापुढे ते टिकत नाही.

होळीच्या आधी लावायला, ऊन असेल तिथे: ऑफिस टाइम, सदाफुली, झिनिया, बटण, गॅलार्डिया. ऑफिस टाइम तर भिंतीसाठीच जन्माला आलीय, काडी खोचली तरी लागते. पानांसाठी उन्हात रिओ, अल्टरनेंथेरा. सावलीत मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट. बोस्टन फर्न मी पुण्यात उन्हाळ्यात भिंतीवर लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. कोकणात लावा, तिथली हवा तिला मानवते.

शिवाय नर्सरीत रोपं जाळीखाली वाढलेली असतात. तिथून सरळ पश्चिमेच्या भिंतीवर टांगली तर दोन दिवसांत पानांवर पांढुरके डाग पडतात. तो रोग नसतो, ऊन लागलेलं असतं. आठ-दहा दिवस घरीच अर्धसावलीत ठेवून, मग लावा.

५. औषधाच्या कपाने पाणी मोजा

इथून थोडा खर्च सुरू होतो, पण चहा-वड्याइतकाच.

खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा मापाचा छोटा कप घ्या. पाणी चालू करून एकेका ड्रिपरखाली एक मिनिट धरा. ताशी २ लिटरचा ड्रिपर मिनिटाला साधारण ३३ मिलि देतो, ताशी ४ लिटरचा ६६-६७. कपात मावत नसेल तर दहा सेकंद धरा आणि सहापट करा. वरच्या ओळीतले तीन, मधले तीन, खालचे तीन, आणि जिथे रोपं मेली तिथले. आकडे त्याच नकाशावर लिहा.

ही तपासणी मी कधीही सोडत नाही. ड्रिपर ठिबकताना दिसला म्हणजे तो पुरेसं देतोय असं नव्हे. माळी सांगतो “सगळे चालू आहेत”, आणि त्याचं खरंही असतं, पण एक ३० मिलि देतो आणि शेजारचा ६.

विखुरलेल्या जागी कमी पाणी असेल तर ड्रिपर तुंबलेत. उन्हाळा लागला की सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी येतं, त्यात क्षार जास्त. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी पापडी धरते. ड्रिपर काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून रात्रभर भिजवा, लिटरला एक मोठा चमचा पुरतो. सकाळी धुऊन बसवा. आत शेवाळ असेल तर ड्रिपर बदललेलाच बरा, पाच-दहा रुपयांच्या वस्तूपायी दिवस घालवू नका. लिंबूसत्व आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर मुळीच नाही.

ड्रिपर बदलायच्या आधी फिल्टरची जाळी उघडून धुवा आणि नळीच्या टोकाची टोपी काढून पाणी मोकळं वाहू द्या. पहिलं पाणी तपकिरी येतं, स्वच्छ झालं की टोपी बंद. उन्हाळ्यात हे दर पंधरवड्याला. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आणि लोक मला उगाच जादूगार समजतात.

टायमरच्या बॅटऱ्याही बघा. स्क्रीनवर आकडे दिसतात, पण झडप उघडायला जोर उरलेला नसतो.

पाणी किती, हा पुढचा प्रश्न. दीड लिटरच्या कुंडीला मी मार्चमध्ये सकाळी साधारण १०० मिलि देते, एप्रिलमध्ये तेवढंच संध्याकाळी पुन्हा. एकदम दहा मिनिटं चालवण्यापेक्षा तीन-तीन मिनिटं दोनदा. भरदुपारी देऊ नका, काळ्या नळीत तापलेलं पाणी आधी मुळांवर पडतं.

६. मिश्रणात मीठ आहे का?

कोकोपीट नारळाच्या सोडणातून येतं आणि न धुतलेल्या विटेत बराच क्षार असतो. वीट बादलीत भिजवायची, निथळायची, असं तीनदा. घाईत एकदाच भिजवून वापरली तर पानांच्या कडा जळतात, अगदी पाणी कमी पडल्यासारख्या, आणि आपण पुन्हा पाणी वाढवतो. बोअरचं पाणी आणि भरीला दर आठवड्याची खतं असतील तर क्षार साचतच जातो. कुंडीच्या काठावर पांढरी रेघ ही त्याची खूण.

चारेकशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर येणारं पाणी मोजा आणि कुंडीतून गळणारं मोजा. येणारं ४०० आणि गळणारं १,५०० दाखवत असेल तर खत महिनाभर बंद. कुंडी काढून नळाच्या साध्या पाण्याने वरून धुवा, कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी जाऊ द्या. नंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत द्यायचंच असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, आणि तेही कुंडी ओली असताना.

कोरडं पडलेलं कोकोपीट आणखी एक त्रास देतं: ते आक्रसतं, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली. पुन्हा बादलीतलं स्नान हाच उपाय.

७. मुंग्या आणि कोळी

मुंग्यांची रांग भिंतीवर चढताना दिसली तर पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस शोधा. तो पिठ्या ढेकूण. पानं फिकट, मागे बारीक जाळी आणि लाल ठिपके हलताना दिसले तर लाल कोळी, याला कोरडी गरम हवा फार आवडते. दोन्हींवर पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या मागून, तीन-तीन दिवसांनी. मग लिटरला ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा साबण, ऊन उतरल्यावर. ज्या कुंडीत मुळांवरही कापूस आहे ती सरळ टाकून द्या. किडीवरून सुरुवात करणारे खूप भेटतात, पण कीड बहुधा आधीच तहानलेल्या रोपावर येते. म्हणून तिचा नंबर सातवा.

८. खालचा वाफा

भिंतीवरून गळणारं पाणी वाफ्याच्या आतल्या कडेला पडतं. तिथे रोज चिखल आणि बाहेरच्या रांगेला काहीच नाही. आधी भिंतीखाली पन्हळ आहे का, आणि असली तर पानांनी तुंबलीय का, ते बघा.

मग खुरप्याने वाफ्यात फूटभर खोल खड्डा घ्या आणि पाणी भरा. जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनीही निम्मं तसंच असेल तर खाली निचरा नाही. नव्या सोसायट्यांमध्ये वरची वीतभर माती बाजूला केली की विटांचे तुकडे, सिमेंट, मुरूम असा राडारोडाच निघतो. बिल्डरने वाफा नव्हे, खड्डा बुजवलेला असतो. तिथे माती बदलण्यापेक्षा वाफा वीतभर उंच करणं स्वस्त पडतं: माती, चांगलं कुजलेलं शेणखत, आणि काळी माती असेल तर जाडसर वाळू किंवा भाताचं तूस. अर्धवट कुजलेलं खत मार्चमध्ये घालू नका, ते तापतं आणि वाळवीही बोलावतं. वर दोन इंच उसाच्या पाचटाचं आच्छादन. झिनियाचं बी सरळ वाफ्यातच पेरा, चार-सहा दिवसांत उगवतं, आणि जागीच वाढलेलं रोप उन्हाला जास्त तयार असतं.

वाफा पार्किंगच्या छतावर असेल तर पहार, कुदळ बंद. माती काढायची ती खुरप्याने आणि वरच्या फूटभरातलीच. खाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो, त्याला भोक पडलं तर खालच्या गाड्यांवर पाणी आणि तुमच्यावर सोसायटीची सभा.

९. दाब

कपाच्या मोजणीत वरच्या ओळीला पाणी कमी आणि खालच्या ओळीला जास्त असा सरळ उतार दिसला, तर गोष्ट ड्रिपरच्या पलीकडची आहे.

दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ किलो दाब. साध्या ड्रिपरवर लिहिलेला ताशी आकडा या १ किलोला धरून असतो. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल आणि गच्चीवरची टाकी बागेच्या वरच्या ओळीपासून तीनच मीटर वर असेल, तर तिथे दाब ०.३ किलो. भिंत अडीच मीटर उंच असेल तर खालच्या ओळीला ०.५५. म्हणजे एकाच नळीवर खालच्यांना वरच्यांपेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त. त्यात पाणी बंद झालं की नळीत उरलेलं सगळं खालच्या ड्रिपरमधून गळतं. वरचे उपाशी, खालचे अजीर्णाने बेजार.

स्वतः करण्यासारखं यात एवढंच: वरच्या ओळींना ४ लिटरचे आणि खालच्यांना २ लिटरचे ड्रिपर बसवा, आठवड्याने पुन्हा मोजा. माझ्या अनुभवात छोट्या बाल्कनीला एवढं पुरतं. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर छान असतात, पण त्यांनाही चालायला किमान दाब लागतो. टाकीच्या अगदी खालच्या मजल्यावर ते पंपाशिवाय बसवून उपयोग नाही. टायमरचंही तसंच, काही टायमरच्या झडपा दाब असल्याशिवाय नीट उघडत-मिटत नाहीत. कमी दाबाला बॉल व्हॉल्व्हचा टायमर मागा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पंप बसवायचा किंवा बदलायचा असेल, तर इलेक्ट्रिशियन. फ्रेमला किंवा ओल्या नळीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा पंप सुरू होताच घरातला ब्रेकर पडायला लागला, तर मुख्य स्विच बंद करा आणि त्यानंतर भिंतीला हात लावू नका. “एकदा पुन्हा चालू करून बघू” हे वाक्य इथे म्हणायचं नसतं.

भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे बेडरूममध्ये किंवा शेजाऱ्यांकडे, ओल, पोपडे, बुरशीचा वास आला तर पाणी त्याच दिवशी बंद. रोपं बादलीत उतरवून ठेवा, झारीने जगतील. वॉटरप्रूफिंगवाल्याला भिंत दाखवल्याशिवाय पुन्हा टांगू नका.

फ्रेमचा बोल्ट हलतोय, भोवतीचं प्लास्टर उचललंय किंवा फ्रेम वरून पुढे झुकलीय, तर तेही काम तुमचं नाही. पाणी प्यायलेली एक कुंडी दीड-दोन किलोची भरते. साठ कुंड्या म्हणजे नव्वद ते एकशेवीस किलो, लोखंड वेगळं. बोल्ट पोकळ विटेत मारलेत की काँक्रीटमध्ये, हे फॅब्रिकेटरला विचारा. तो येईपर्यंत वरच्या कुंड्या उतरवा आणि खाली कुणाला उभं राहू देऊ नका.

कठड्याच्या बाहेरच्या बाजूच्या कुंड्यांसाठी स्टुलावर चढून वाकू नका. मीही चढत नाही. त्यासाठी दोरावर काम करणारी माणसं मिळतात.

सोसायटीच्या मुख्य नळाला जोड घ्यायचा असेल तर आधी कमिटीला लेखी कळवा, मग प्लंबर.

आणि माझ्यासारखीला बोलवायची वेळ? कपाचे आकडे सगळीकडे सारखे, बोटाला वाफसा, हुंडी ओली, ऊन ठीक, आणि तरी महिन्याभरात पाचातलं एक रोप जात असेल तेव्हा. येणाऱ्या माणसाला तो फुल्यांचा नकाशा, दुपारी दोनचे फोटो आणि कपाचे आकडे द्या. आणि एक मेलेलं रोप कुंडीसकट, न धुता, बाजूला ठेवा. नऊपैकी आठ घरांत ते कचऱ्यात गेलेलं असतं.